बुधवारच्या बायका

"फक्त नाव सांगा. आडनाव नको, गाव नको," फरजाना मॅडम म्हणाल्या.

गोल मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही बायका बसलो होतो. मिरजेच्या त्या दवाखान्यातली फिजिओथेरपीची खोली बुधवारी दुपारी रिकामी असायची, म्हणून गट तिथे भरायचा. भिंतीला लाकडी शिड्या, कोपऱ्यात जमिनीला ठोकलेली सायकल आणि मधोमध आम्ही. मी नवीन, त्यामुळे सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी मात्र एकीकडेच बघत होते. पोपटी साडी, केसांत पांढऱ्याची एक पट, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरलेली.

"कुंतला," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. माझं माहेरचं नाव ते. लग्नात सासरच्यांनी त्रिशला ठेवलं आणि आईवडील गेल्यावर कुंतला म्हणून हाक मारणारं कुणी उरलंच नाही. पण त्या दिवशी मी ते नाव काढलं ते लपायला. त्रिशला मगदूम म्हटलं असतं तर पोपटी साडीने दचकून वर पाहिलं असतं.

ती मालन. माझे यजमान, सुकुमार मगदूम, मरेपर्यंत दर बुधवारी जिच्याकडे जात होते ती बाई.

इतक्या जवळून मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. रूपाने काही नव्हती. नाक बसकं, रंग माझ्याहून सावळा, हातावर तेलाच्या चटक्यांचे डाग. नर्सिंगच्या मुलींची मेस चालवायची, एवढं मला ठाऊक होतं. ती देखणी असती तर मला सोपं गेलं असतं. पुरुषाची नजर घसरली, असं म्हणून एकदाचं मनातून काढून टाकता आलं असतं. पण ही तर अगदी साधी बाई. मग हे तिच्याकडे जात होते तरी कशासाठी?

आमचं दुकान सांगलीत, शेतीपंपांचं. मिरजेच्या गोदामावर बुधवारी जायचं, असं हे सांगायचे आणि ते खरंही होतं. गोदामाच्या पुढे कुठे जातात ते मला माझ्या धाकट्या जावेने सांगितलं, सहज बोलल्यासारखं करून, भाजी निवडता निवडता. त्याला मग कितीतरी वर्षं झाली. मी यांना कधी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

मग एका सकाळी दुकानातच यांना झटका आला. सगळं गाव लोटलं. मी रडले नाही. आल्यागेल्याला चहा विचारला, मुलाला, अभिनंदनला, पुण्याला परत पाठवलं, दुकान दिरांच्या हवाली केलं. सगळे म्हणाले, त्रिशलावहिनी खंबीर आहेत. आणि महिनाभराने माझ्या छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायला लागलं. भांडी घासताना, देवळात, बसमध्ये, कुठेही. श्वास अडकायचा, हातापायांतलं बळ जायचं, आता आपण मरणार असं वाटायचं. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि हृदय ठणठणीत आहे म्हणाले. त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, दर बुधवारी बायकांचा एक गट भरतो, तिथे जाऊन बसा, बोला.

मी घरी येऊन हसले होते. परक्या बायकांसमोर काय बोलायचं? पण जावेच्या ओळखीची एक बाई त्या दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर होती. तिच्याकडून बातमी आली, की 'ती'सुद्धा बुधवारच्या गटात येते. जाऊ हे मला सांगत होती ते, बघा किती निर्लज्ज आहे, म्हणून. मी दुसऱ्याच बुधवारी बस पकडली.

मी बरी व्हायला गेले नव्हते. ती तिथे यांच्याबद्दल काय सांगते, ते मला ऐकायचं होतं.

गट घेणाऱ्या समुपदेशक फरजाना मॅडम वयाने लहान, माझ्या मुलापेक्षा फार तर चारदोन वर्षांनी मोठ्या. त्यांचे नियम साधे होते. आपलं आपण सांगायचं, दुसरीला उपदेश करायचा नाही, रडू आलं तर आवरायचं नाही आणि इथलं बोलणं या खोलीबाहेर न्यायचं नाही. गटात आवटीबाई होत्या, निवृत्त शिक्षिका, निवृत्तीनंतर त्यांना घराबाहेर पडायचीच भीती वाटायला लागली होती. स्वप्ना नावाची कोवळी पोर होती, बाळंतपणानंतर तिला स्वतःच्या बाळाला हात लावावासा वाटेना. आणखी दोघीतिघी येऊन जाऊन असायच्या. स्वप्ना बोलताना इतकी हळू बोलायची की सगळ्या पुढे वाकायच्या. मीही वाकायची, पण कान दुसरीकडेच असायचे. मालनची पाळी कधी येते याकडे.

आणि मालन बोलायची. तोंडाला कुलूप माहीतच नव्हतं तिला. यांना ती साहेब म्हणायची. नाव कधी घेतलं नाही, कोण कुठले ते सांगितलं नाही, आणि आपलं लग्न झालेलं नव्हतं हेही लपवलं नाही. नवऱ्याने टाकल्यावर मेस सुरू केली, नळाचं पाणी चढेना म्हणून पंप घ्यायला गेली, तिथे साहेबांची ओळख झाली. साहेब पंप बसवायला स्वतः आले. साहेबांना गरम भजी लागायची, कांद्याची. एकदा त्यांनी बाह्या सरसावल्या आणि स्वतः कांदा चिरायला बसले, आणि डोळ्यांतून पाणी येतंय म्हणून लहान मुलासारखे हसत सुटले.

बायका हसल्या. मी खुर्चीच्या कडेला नखं रुतवून बसले होते.

आमच्या घरात कांदा-लसूण येत नाही. सासूबाईंपासूनचा नेम. इतक्या वर्षांत यांनी कधी, मला कांदा खावासा वाटतो, असं म्हटलं नव्हतं. आणि हसत सुटले? आमच्याकडे हे जेवताना पाणी हवं असलं तर वाटीवर बोट वाजवायचे. तोंडाने पाणी मागायचेसुद्धा कष्ट घ्यायचे नाहीत. वर्तमानपत्र, दुकान, देऊळ, झोप. हा माणूसच अबोल, अशी मी मनाची समजूत घातली होती, आणि त्या समजुतीवर माझा संसार नीट उभा होता. आता कळत होतं की हा माणूस बोलत होता. पुष्कळ बोलत होता. फक्त माझ्या घरी नाही.

पुढच्या पुढच्या बुधवारी ती एकेक काढत गेली. साहेबांना लहानपणी तबला शिकायचा होता, वडिलांनी हात मोडीन म्हणून सांगितलं. साहेबांना विजेची भीती वाटायची, कडाडलं की गप्प व्हायचे. साहेब मुलाच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी तिच्याकडे येऊन रडले होते, मुलगा आपल्याशी बोलत नाही म्हणून. ते ऐकलं तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा आला. मुलगा माझा. निकाल माझ्या घरातला. पेढे मी वाटले. आणि रडणं नेऊन दिलं ते तिला.

त्या दिवशी मॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या. पाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, असं म्हणाल्या. मी शिडी, सायकल, पंखा असं पुटपुटत राहिले. आवटीबाईंनी माझा हात धरून ठेवला. बरं वाटलं, हे कबूल करते. पण समोरून मालनने पाण्याची बाटली पुढे केली, ती मी घेतली नाही.

घरी आल्यावर मी यांच्या हार घातलेल्या फोटोपुढे उभी राहायची. भांडायलाही जागा नव्हती. एकदा तर बाजारातून दोन कांदे आणले, दार लावून भजी तळली आणि एकटीने खाल्ली. चांगली लागली. त्याचाही राग आला.

असा हिवाळा सरला. मग एका बुधवारी मालनने साहेब गेल्याचं तिला कसं कळलं ते सांगितलं.

ती बुधवारची वाट बघत होती. साहेब आले नाहीत. त्यानंतरच्या बुधवारीही नाही. फोन बंद. कामाचा व्याप असेल म्हणून ती गप्प बसली. मग काही सामान आणायला सांगलीत गेली तर चौकात फलक दिसला. साहेबांचा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल म्हणून सगळ्या घराची नावं. रक्षाविसर्जन होऊनही किती दिवस झाले होते. ती फलकाखालीच बसली. रिक्षावाल्याने विचारलं, चक्कर आली का. ती हो म्हणाली.

"मग मी त्यांच्या घराकडं गेले," मालन म्हणाली. "आत नाही, पलीकडच्या अंगाला उभी राहिले. लोक येत होते, जात होते. त्यांच्या बायकोला बायका धरून बसल्या होत्या, दारातून दिसत होतं. मला वाटलं, हिचं किती बरं आहे. हिचं माणूस गेलं हे सगळ्यांना माहीत आहे. मी घरी आले आणि संध्याकाळी पोरींना चपात्या करून वाढल्या. कुणाला सांगू? माझं कोण मेलं म्हणून सांगू?"

स्वप्ना हुंदके द्यायला लागली. आवटीबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. फरजाना मॅडमचेही डोळे भरले होते. सगळी खोली तिच्यासाठी रडत होती. आणि मला, लग्नाच्या बायकोला, असा मत्सर वाटला, असा की तोंड कडू झालं. यांच्यासाठी मी कधी रडू शकले नव्हते. हिने रडून घेतलं, वर माझ्या बायकांनाही रडवलं. होय, तोवर त्या मला माझ्या बायका वाटायला लागल्या होत्या.

"त्या बायकोचं बरं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हणाले.

दुसरीच्या सांगण्यावर बोलायचं नाही, हा नियम होता. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कुंतलाताई, तुमचं सांगा. त्यांचं नको."

मग मी माझं सांगितलं. इतके बुधवार मी नुसती, झोप लागत नाही, छातीत दाटतं, एवढंच सांगत आले होते. त्या दिवशी म्हणाले, माझेही यजमान गेलेत. त्यांचंही बाहेर होतं. मला ठाऊक होतं.

"आणि मी काय करायचे सांगू? त्यांचा तिकडे जायचा दिवस ठरलेला. त्या दिवसाचा शर्ट मी आदल्या दिवशी वेगळा काढायची. इतर दिवशीचे कपडे लाँड्रीत जायचे. तो शर्ट मी स्वतः इस्त्री करायची, कॉलरला पाणी मारून, कडक. बटण तुटलेलं असलं तर लावायची. का, तर तिने असं म्हणू नये की यांची बायको यांना कसंही ठेवते. माझा नवरा तिच्याकडे जायचा आणि त्याला मी नटवून पाठवायची. मला कुणी तरी विचारा, बरं होतं का म्हणून."

मला वाटलं होतं मी रागाने थरथरतेय, पण मी रडत होते. यांच्या मरणानंतर पहिल्यांदा. आवटीबाई उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि पाठीवर हात ठेवला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून समोर पाहिलं. मालनची मान खाली होती. पर्सचा बंद ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

गट संपल्यावर मी औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर टेकले. मालन आली आणि थोडं अंतर ठेवून बसली.

"त्रिशलावहिनी," ती म्हणाली, "तो निळ्या बारीक रेघांचा शर्ट होता ना, त्याची इस्त्री मला फार आवडायची."

केव्हापासून ओळखलंत, असं मी विचारलं. पहिल्याच दिवशी, ती म्हणाली. घरासमोर उभी होते तेव्हा तुम्हाला नीट पाहिलं होतं.

"आणि तरी माझ्यासमोर बसून ते सगळं सांगत होता तुम्ही?"

"कशाला खोटं बोलू? सुरुवातीला मुद्दाम सांगितलं. तुम्हाला लागावं म्हणून." ती म्हणाली. "नंतर तसं नव्हतं. ह्या बायका चांगल्या आहेत हो, पण त्यांनी साहेबांना कधी बघितलेलं नाही. मी हसण्याचं सांगितलं तर ते हसणं कसं होतं हे त्यांना काय कळणार? खोलीत त्यांना ओळखणाऱ्या तुम्ही एकट्याच होता. मग मी तुम्हालाच सांगायला लागले."

ते हसणं मीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. ते सांगण्याइतकी मी मोठी नव्हते. त्याऐवजी म्हणाले, की तुम्हाला सगळं मिळालं, मला वाटी वाजवणारा माणूस मिळाला.

मग मालनने जे सांगितलं ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं.

"माझ्याकडे ते कधी जेवले नाहीत, वहिनी. एकदाही नाही. भजी खायचे, चहा घ्यायचे. मी दर बुधवारी ताट करायची, आज तरी बसतील म्हणून. ऊन कलायला लागलं की उठायचे. घरी दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, ती थांबली असेल, म्हणायचे. कितीही बोलण्यात रंगलेले असोत. मी त्या उन्हाला शिव्या दिल्यात."

आमच्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. मी रोज यांच्यासाठी थांबायची हे खरं होतं. पण हे त्याची आठवण ठेवतात, कुणाला तरी ते बोलून दाखवतात, हे मला कुठे माहीत होतं?

माझी बस आली आणि मी गेले.

पुढच्या बुधवारी मालन आली नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. खोली माझी झाली होती. मी बोलले, बायकांनी ऐकलं. त्याच्या पुढच्याही बुधवारी ती नव्हती. त्या दिवशी बोलता बोलता माझा धागा तुटला. यांचं एक सांगायला गेले आणि वाटलं, कुणाला सांगतेय? समोरची खुर्ची रिकामी होती आणि माझं बोलणं तिथून तसंच परत येत होतं. धोंडा पुन्हा आला नाही, पण सगळं बेचव झालं.

मॅडम काळजीत होत्या. मालन फोन उचलत नव्हती. मेस बंद आहे असं नर्सिंगच्या मुली सांगत होत्या. गोळ्याही तिने नेलेल्या नव्हत्या. गट संपल्यावर मॅडम म्हणाल्या की वॉर्डातलं काम उरकून त्या स्वतः तिच्या घरी जाणार आहेत. मागे एकदा, गटात यायच्या आधी, मालनने जेवणखाण सोडून अंथरूण धरलं होतं आणि तेव्हा शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात आणलं होतं, हे तिने आम्हाला सांगितलेलं होतं.

मी मॅडमसाठी थांबले नाही. रिक्षा केली आणि किल्ला भागातला तिचा पत्ता विचारत निघाले. माझ्या मनात दया आली म्हणून गेले असं म्हणणारे लोक पुढे भेटले. मी त्यांना ते म्हणू दिलं. पण रिक्षात माझ्या मनात काय चाललं होतं ते मलाच ठाऊक आहे. मला वाटत होतं, ही बाई यांच्यासाठी झुरून मरेल. आणि मी? मी दोन वेळा जेवून, गोळ्या घेऊन, इस्त्रीच्या गोष्टी सांगत जगेन. म्हणजे शेवटी यांच्यावर जास्त माया कुणाची होती ते ठरून जाईल. मी तिला मरू देणार नव्हते. तेवढं तिला मिळू द्यायला मी तयार नव्हते.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत मेसच्या सतरंज्या गुंडाळून ठेवलेल्या, मोठी पातेली पालथी घातलेली. खिडकीजवळ एक वेताची खुर्ची, पाठीला उशी बांधलेली. यांना पाठीचं दुखणं होतं. बघताक्षणी मला कळलं ती कुणाची खुर्ची. मी आतल्या खोलीत जायच्या आधी त्या खुर्चीत बसले. जरा वेळच. बसून बघितलं, तिथून काय दिसतं. स्वयंपाकाचा ओटा दिसत होता, आणि खिडकीतून समोरच्या घराची कौलं.

मालन आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ सुकून फुटले होते, अंग तापलेलं. माझी चाहूल लागल्यावर तिने मोठ्या कष्टाने डोळे उघडले.

"तुम्ही कशाला आलात?"

"बुधवार आहे आज," मी म्हणाले. "आला नाहीत तुम्ही."

ती खूप हळू बोलली. म्हणाली, तुमचं शर्टाचं ऐकलं आणि वाटलं, आपण इतके दिवस दुसरीच्या दारातलं दुःख उचलून आणून रडत बसलो. आपलं काही नव्हतंच त्यात. मग उठावंसं वाटेना.

मी तिला पाणी पाजलं. ते तोंडातून ओघळलं. पदराने पुसताना माझ्या लक्षात आलं की मी या बाईला शिवतेय. इतकी वर्षं मनात जिचे केस धरून ओढले, तिचं डोकं माझ्या दंडावर होतं, आणि ते एखाद्या पोरीच्या डोक्यासारखं हलकं होतं.

"हे बघा," मी म्हणाले, "तुमचं दुःख खोटं असतं तर मला इतका जाळ झाला नसता. मला जाळ झाला, म्हणजे ते खरं आहे. आता उठा."

रिक्षावाल्याने आणि मी मिळून तिला दारातून आणलं. दवाखान्यात तातडीच्या खिडकीवर गर्दी होती. मालनला स्ट्रेचरवर घेतलं, मी कागद भरायला उभी राहिले. खिडकीतल्या मुलीने नाव विचारलं, वय विचारलं, मग मान वर न करता विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

मागचे लोक पुढे सरकत होते. बहीण म्हणता आलं असतं, मैत्रीण म्हणता आलं असतं. दोन्ही तोंडात येईनात. मागे रेटारेटी सुरू झाली.

"घरची," मी म्हणाले. "घरची लिहा."

तिने लिहिलं. त्याखाली माझी सही मी त्रिशला सुकुमार मगदूम अशी पूर्ण केली. मॅडम धावत आल्या तेव्हा तो कागद त्यांच्या हातात पडला. त्यांनी तो वाचला, सहीकडे पुन्हा पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेल्या.

मालन बरी झाली. वेळ लागला, पण मेस पुन्हा सुरू झाली. गटात आमचं कोण कोणाचं काय ते आम्हीच एका बुधवारी सांगून टाकलं. आवटीबाई म्हणाल्या, मला वाटलंच होतं. हे सगळं पुढचं. आता फरजाना मॅडमही बदली होऊन गेल्या, स्वप्नाचं बाळ शाळेत जायला लागलं त्यालाही वर्षं झाली. मला डोळ्यांपुढे येते ती त्या आठवड्यातली एक दुपार, वॉर्डातली.

सलाइन काढलं होतं. मी घरून पेज आणि मऊ भात नेला होता, सोबत दोडक्याची भाजी. मी चमचा पुढे केला तर मालनने भाजीकडे बघून तोंड फिरवलं.

"साहेबांना दोडका अजिबात चालायचा नाही," ती म्हणाली.

मी चमचा तसाच धरला. छातीत परिचयाची कळ आली, पण धोंड्यासारखी नाही, चिमटा घेतल्यासारखी.

"चालायचा," मी म्हणाले. "दोनदा मागून घ्यायचे."

"माझ्याकडे केला होता, तर म्हणाले, नको."

"मग तुम्हाला जमला नसेल."

मालनने तोंडावर हात धरला आणि ती हसायला लागली. पलीकडच्या कॉटवरची म्हातारी उठून बसली, काय झालं म्हणून. मालनला हसताना दम लागत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना.

"बुधवारी सांगते सगळ्यांना," ती धापा टाकत म्हणाली, "तुम्ही किती दुष्ट आहात ते."

"सांगा," मी म्हणाले, आणि दोडक्याचा चमचा तिच्या तोंडाशी नेला.